छत्तीसावा आठवडा

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकच वस्तू अशी विकत घेतली, जी घरात आणून ठेवता येत नव्हती. ती वस्तू म्हणजे एक आठवडा. घाटमाथ्यावरच्या एका थंड हवेच्या ठिकाणी एक हॉटेलवजा इमारत बांधली जाणार होती. तिच्यातली एक खोली वर्षातून सात दिवस आमची, पुढची तेहेतीस वर्षं. बाकीचे आठवडे ती खोली आणखी पन्नासेक कुटुंबांची. शहाऐंशी साली ही कल्पना आमच्या भागात इतकी नवी होती, की बाबांनी शेजारच्या काकांना ती समजावून सांगेपर्यंत दोनदा चहा झाला. शेवटी काका म्हणाले, "म्हणजे खोलीची भिशी." त्याहून सोपं मलाही कधी सांगता आलेलं नाही.

घ्यायला एक संध्याकाळ पुरली. सोडवायला तीन वर्षं गेली, आणि सोडवताना जे द्यावं लागलं त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. कुणावरचा, ते सांगायलाच हे लिहायला बसले आहे.

आम्ही मुलुंडला राहायचो. एक खोली, स्वयंपाकघर, आणि घरात तिघं जण: बाबा, आई, मी. बाबा मुलुंडमधल्याच एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात होते. मालवणकडच्या गावातून सोळाव्या वर्षी मुंबईला आले ते चौथी पास होऊन. मराठी छान यायचं, इंग्रजीची मात्र अक्षरओळखही नव्हती. इंग्रजी ते औषधांच्या खोक्यांवरून शिकले. खोक्याच्या आत घडी करून ठेवलेला बारीक अक्षरांचा कागद घरी आणायचे आणि जेवण झाल्यावर बोट ठेवून एकेक शब्द लावायचे. मी शाळेत जायला लागले तोवर ते इंग्रजी पेपर वाचत होते. मराठी पेपर दहा मिनिटांत व्हायचा, इंग्रजीला तास लागायचा. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरायचं आणि ओठ हलायचे. मध्ये कुणी बोललं तर त्यांना खपत नसे.

एकदा छापखान्यातून आलेल्या खोक्यांच्या गठ्ठ्यावर भलत्याच औषधाचं नाव होतं. सगळ्यांच्या हाताखालून ते सुटलं, बाबांच्या सुटलं नाही. मोठे साहेब खाली आले आणि त्यांचा हात हातात घेऊन शाबासकी देऊन गेले. ही गोष्ट आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने ऐकली आहे, काहींनी दोनदा. तेव्हापासून बाबा न वाचता कशावरही सही करत नसत. पोस्टमनची पावतीसुद्धा आधी वाचायचे. पोस्टमन उन्हात उभा.

तर शहाऐंशीच्या सुरुवातीला घरी एक गुळगुळीत कार्ड आलं. आपली निवड झाली आहे, पत्नीला घेऊन अंधेरीच्या अमुक हॉटेलात या, एक थर्मास भेट मिळेल. पत्नीला घेऊनच यायचं, ही अट होती. आईने ठेवणीतली साडी नेसली. तिथे काय झालं ते मला आईनेच नंतर सांगितलं. थंडगार हॉल, टेबलाटेबलावर एकेक जोडपं, आणि प्रत्येकासमोर टाय लावलेला एकेक मुलगा. त्यांच्या टेबलावरच्या मुलाने विचारलं, "काका, वर्षातला असा कुठला आठवडा, की काही होवो, रजा तुम्हाला मिळणारच?"

बाबा म्हणाले, "गणपती."

हे उत्तर फक्त कोकणातला माणूसच देऊ शकतो. बाबांच्या खात्यातली निम्मी माणसं कोकणातली. गणपतीला गावी जायला रजा सगळ्यांनाच हवी, आणि सगळ्यांना दिली तर खातं बंद पडेल. म्हणून रजा नोकरीच्या वर्षांप्रमाणे मिळायची. पंधरा वर्षं बाबांनी वाट पाहिली होती तेव्हा कुठे गणपतीची दहा दिवसांची रजा त्यांच्या हक्काची झाली. बाकी वर्षभरातला एक दिवसही त्यांना आपला वाटत नसे. हे दहा दिवस मात्र त्यांचे होते, कुणी मागू शकत नव्हतं.

मुलाने तक्ता पाहिला. त्या वर्षी गणपती सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात होते. त्यांच्या हिशोबात तो छत्तीसावा आठवडा. पावसाळ्यातला, म्हणून सवलतीतला. बाबांच्या डोक्यात तेवढ्यात सगळा बेत तयार झाला. गावी पाच दिवसांचा गणपती करायचा, गौरी-गणपती पोचवले की एस.टी.ने घाटावरून परत यायचं, आणि वाटेत उरलेले दिवस त्या खोलीत आईने हातपाय पसरून बसायचं. आईला आयुष्यात कुणी आयता चहा दिलेला नव्हता. तो तिला तिथे मिळेल, असं ते तिला हळूच म्हणाले. त्यांच्या समजुतीप्रमाणे त्यांनी गणपतीचा आठवडा घेतला होता. गणपती जिकडे सरकेल तिकडे तो आठवडाही सरकणार होता.

मुलाने करार पुढे केला. बाबा म्हणाले, "मी वाचून सही करतो." आणि त्यांनी खरोखर वाचला. चष्मा लावून, बोट फिरवत, वीस मिनिटं. टायवाला मुलगा घड्याळ पाहत बसला. आईने विचारलं, "काय लिवलला आसा त्येच्यात?"

"सगळा बरोबर आसा," बाबा म्हणाले आणि त्यांनी झोकदार इंग्रजीत सही केली.

सगळं त्यात होतं. आठवडा इंग्रजी तारखेने मोजला जाईल, दर वर्षी देखभालीची फी भरावी लागेल, ती वाढत जाईल, करार परत करता येणार नाही, मालकाच्या मागे तो वारसांवर जाईल. खोक्यावरचं इंग्रजी वेगळं आणि वकिलाचं वेगळं. बाबांना निम्मं कळलं आणि निम्मं कळलं नाही. समोरच्या पोराला ते विचारता आलं असतं. पण विचारलं असतं तर वाचता येत नाही असं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक कागद माझ्यापुढे धरला. "तुझं नाव जोडतोय. आमच्या मागे तुला राहील." मी बी.कॉम. झाले होते, अंधेरीला एका ऑफिसात टायपिस्ट होते, पवईवरून जाणारी बस मला गाठायची होती. डबा एका हातात होता. "कुठे करू?" एवढंच मी विचारलं. त्यांनी बोट ठेवलं तिथे सही केली आणि पळाले. बाबांनी वाचून तरी केली होती.

पुढच्या वर्षीचं कॅलेंडर घरात आलं तेव्हा बाबा गणपतीवर खूण करायला बसले. शेजारी कंपनीचं पत्र. जरा वेळाने त्यांनी मला हाक मारली. गणपती ऑगस्टच्या शेवटाला आले होते, आणि पत्रात सप्टेंबरच होता.

"गणपती अलीकडे आला तर आठवडा पण अलीकडे येणार ना गं?"

मी हसले. हसायला नको होतं. "बाबा, गणपती तिथीने येतो. हॉटेल तारखेने चालतं."

ते करार काढून पुन्हा वाचायला लागले, पहिल्यापासून, बोट ठेवून. मला ते पाहवेना आणि माझी जीभ सुटली. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी लहानपणापासूनची खोड. "आता काय वाचताय? तेव्हा वाचलं होतं ना? वाचता येतं ना तुम्हाला? मग काय वाचलंत?"

"गप रव गो," आई आतून ओरडली. "बापाशीक असा बोलतत?"

बाबांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

सत्त्याऐंशीला, इमारत उभी राहिल्यावरचा पहिला आठवडा आला तेव्हा गणपतीची रजा संपून बाबा कामावर हजर झाले होते. अठ्ठ्याऐंशीला अधिक महिना आला, गणपती पुढे गेले, आणि आठवडा आधीच येऊन गेला. त्यासाठी वेगळी रजा मागायला बाबा साहेबांकडे गेले आणि हात हलवत परत आले. आठवडा बदलून द्या म्हणून मी पत्र टाइप केलं. बदलायचा तर सहा महिने आधी कळवा, वेगळी फी भरा, जागा असली तर देऊ, असं उत्तर आलं. जागा नसायची. कुणाला तरी विकून टाकावा म्हटलं तर सप्टेंबरात तिथे धुक्यात स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही म्हणे; घेणार कोण? देखभालीची फी मात्र न चुकता मागितली जायची. नाकापेक्षा मोती जड झाला होता. ती खोली आम्ही कधी पाहिलीसुद्धा नाही. आई म्हणायची, "पदरात पडला, पवित्र झाला. जांवदे." पण बाबांच्या मनातून ते जात नव्हतं. शेजारचे काका कधी चेष्टेने "काय, भिशी लागली का?" असं विचारायचे, तेव्हा बाबा जिन्यातून पुन्हा वर यायचे.

बाबा निवृत्त झाले, आणि एकोणनव्वदला आता रजेचा प्रश्न नाही म्हणून त्यांनी मोठ्या आशेने कॅलेंडर उघडलं. गणपती नेमके छत्तीसाव्या आठवड्यातच बसले होते, अगदी मधोमध. गौरी-गणपती पोचवेपर्यंत आठवडा संपणार होता, आणि गणपती सोडून खोलीत जाणार का? त्यांनी कॅलेंडर परत खिळ्याला अडकवलं. त्या वर्षी फी भरली नाही.

मग नोटीस आली. ती घरी आली असती तर बाबांनी वाचून कपाटात ठेवली असती. ती आली माझ्या नावाने, माझ्या ऑफिसात, रजिस्टर पोस्टाने, सगळ्यांच्या देखत. सहमालक म्हणून थकलेली फी माझ्याकडून वसूल करू, कोर्टात जाऊ. संध्याकाळी ती मी बाबांच्या हातात दिली. त्यांनी वाचली. या वेळी त्यांना सगळं कळलं. "तुझ्या नावावर?" ते म्हणाले. "तीस वर्षं हे तुझ्यामागे राहणार?" तेव्हा माझ्या लग्नाचं बघत होते. लग्न होऊन जाईन त्या घरी ही नोटीस माझ्यामागे येणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं. "काही पण कर," ते म्हणाले, "पण तुझं नाव ह्याच्यातून काढ."

कंपनीचं ऑफिस माझ्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर. चार वेळा मला परत पाठवलं. पाचव्या खेपेला साहेब जेवायला गेले होते आणि फायली सांभाळणाऱ्या एक वयस्कर बाई एकट्याच होत्या. त्यांनी आमची फाइल काढली, बाबांचं शिक्षण आणि कारखाना वाचला, आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे बघ, मी सांगितलं असं कुठे बोलू नकोस हां. तुझ्या फादरला इंग्लिश येत नाही असं लिहून दे. अॅफिडेव्हिट. ज्याला वाचता येत नाही, त्याच्याकडून वाचून न दाखवता सही घेतली, तर आमचे लोक कोर्टात जात नाहीत. फाइल बंद करतात. भरलेलं परत मिळणार नाही, पण सुटशील. तुझं नाव मागून जोडलंय ना, मेन करार पडला की ते पण पडेल."

"त्यांना येतं पण," मी म्हणाले.

"मग भर फी," त्या म्हणाल्या आणि फाइल बांधली.

मी त्याच दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्या मशिनवर तो कागद टाइप केला. मी खाली सही करणार, ईश्वराला स्मरून शपथपूर्वक सांगतो, की मला इंग्रजी भाषा वाचता येत नाही. इथे मी थांबले. काम पक्कं करायची माझी सवय. उद्या ते म्हणतील मराठीत सांगितलं होतं, मराठीत लिहून दिलं होतं. म्हणून मी माझ्या मनाने पुढे चार शब्द टाइप केले: किंवा अन्य कोणतीही भाषा. त्या बाईंनी हे सांगितलेलं नव्हतं. कुणीच सांगितलेलं नव्हतं.

घरी मी तो कागद बाबांना वाचून दाखवणार होते, म्हणजे तोंडातल्या तोंडात वेगाने वाचून संपवणार होते. त्यांनी हात पुढे केला. चष्मा लावला आणि स्वतःला वाचता येत नाही असं सांगणारा तो इंग्रजी कागद बोट फिरवत शेवटपर्यंत वाचला. आई दारात उभी होती.

"कोणतीही भाषा?" त्यांनी विचारलं.

"हो. म्हणजे पक्कं होतं."

"आणि ईश्वराला स्मरून?"

"ते सगळ्यांतच असतं, बाबा. छापील असतं ते."

त्यांनी कागद पुन्हा वरून खाली पाहिला. मग म्हणाले, "इथे एक शब्द दोनदा पडलाय. नीट करून आण." मी दुसऱ्या दिवशी तो शब्द खोडला, अख्खं पान पुन्हा टाइप केलं. तेव्हाही त्या चार शब्दांवरून माझी बोटं सरळ पुढे गेली.

अंधेरीच्या कोर्टाबाहेर फुटपाथवर टेबलं मांडून नोटरीची माणसं बसायची. आमच्या टेबलावरच्या माणसाने कागद पाहिला आणि बाबांनी खिशातून पेन काढताच त्यांना अडवलं.

"पेन कशाला, काका? सही मारली तर ते बोलतील, ह्याला लिहिता येतं. मग वाट लागली ना कागदाची. अंगठा द्या."

"करारावर सही आहे त्यांची," मी म्हणाले.

"सही काय, पोपटासारखी पण शिकवतात. इथे अंगठाच पाहिजे."

माझ्याकडे वळून त्याने विचारलं, वाचून दाखवलं का, समजावून सांगितलं का. मी हो म्हटलं आणि तसं लिहिलेल्या ओळीखाली सही केली. मग तो बाबांशी बोलायला लागला, मोठ्याने, जणू त्यांना ऐकू येत नव्हतं. "काका! ह्याच्यात लिहिलंय ते खरं आहे ना? देवाशपथ?"

बाबांनी चप्पल काढली. फुटपाथवर उभं राहून हात जोडले, डोळे मिटले. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालताना उभे राहायचे तसेच. ओठ हलत होते. मला वाटलं, खोटं बोलतोय म्हणून क्षमा मागताहेत. मागे रांग होती. मला लाज वाटत होती, आणि ती त्यांची वाटत होती की माझी, हे मी तेव्हा पाहिलं नाही. डोळे उघडून ते म्हणाले, "खरं आहे."

त्या माणसाने त्यांचा डावा अंगठा धरून शाईच्या गादीवर दाबला. पहिल्यांदा ठसा फरफटला. बाबांना अंगठा उठवायची सवय नव्हती, त्यांनी तो पेनासारखा पुढे ओढला. "अरे काका," तो माणूस वैतागला, "एवढं वय झालं, अंगठा पण नीट देता येत नाही?" दुसऱ्यांदा त्यानेच दाबून धरला.

बसमध्ये बाबा रुमालाने अंगठा पुसत होते. पवईपर्यंत पुसत होते. मी म्हणाले, "घरी रॉकेल लावलं की जाईल." त्यांनी मान हलवली.

त्यानंतर पेपर तसाच घडीत पडून राहायला लागला. मी पहिले काही दिवस लक्षच दिलं नाही, मला अंगावरचं ओझं उतरल्याचा आनंद होता. मग आई म्हणाली, हे दुकानाची पाटी विचारतात, बस कुठली ते विचारतात. मला वाटलं, डोळे. निवृत्तीनंतर माणसाचं असंच होतं म्हणतात. मी त्यांना स्टेशनजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी अक्षरांचा तक्ता लावला. "वाचा."

"दिसतात," बाबा म्हणाले. "वाचता येत नाही."

"अच्छा, शिकलेले नाही का," डॉक्टर म्हणाले. तसं म्हणायची त्यांना सवय असावी. त्यांनी दुसरा तक्ता लावला, अशा माणसांसाठी असतो तो. त्यात नुसत्या चिमट्यासारख्या खुणा असतात; तोंड वर, खाली, डावीकडे की उजवीकडे, ते हाताने दाखवायचं. बाबांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोटाने दिशा दाखवल्या. एकही चुकली नाही. "नजर उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले.

रस्त्यावर येऊन मी त्यांना थांबवलं. "हे काय चाललंय, बाबा?"

"देवाक सांगलंय मी," ते म्हणाले. "माका वाचूक येणा नाय."

मला समजेना. मग त्यांनी सावकाश सांगितलं, मला लहानपणी गोष्ट सांगायचे तसं. देवाला साक्ष ठेवून शब्द दिला की तो खरा करावा लागतो. त्यांच्या चुलत्यांनी बांधाच्या भांडणात देवळात सांगितलं होतं की त्या विहिरीचं पाणी माझं नव्हे. विहीर त्यांचीच होती. पुढे मरेपर्यंत त्यांनी तिचं पाणी तोंडाला लावलं नाही, घरात दुसरीकडून आणायचे. कोर्टाबाहेर हात जोडले तेव्हा बाबांनी क्षमा मागितलीच नव्हती. हे आज खोटं आहे, उद्यापासून मी ते खरं करतो, माझ्या पोरीला त्याचा दोष लावू नकोस, असं त्यांनी देवाला सांगितलं होतं.

"पण मराठी?" मी म्हणाले. "मराठी तरी वाचा. इंग्रजीचं ठीक आहे."

"तूच लिहिलंस ना, कोणतीही." त्यांच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती. "इंग्रजीपुरतं असतं, तर मराठी वाचलं असतं."

मी रस्त्यात रडले. मुलुंडच्या भर बाजारात, भाजीवाल्यांच्या मधे. ते मला म्हणाले, चल, आई वाट बघत असेल.

दोन महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं. पाकीट मी ओळखलं आणि त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी घेतलं नाही. "वाच." मी वाचलं. करार रद्द समजावा, आपला व आपल्या सहमालकाचा कोणताही हक्क वा देणं यापुढे उरलेलं नाही. एक पान होतं.

"सुटलीस?" त्यांनी विचारलं.

"आपण सगळे सुटलो. आता संपलं, बाबा. आता चष्मा लावा."

"त्या कागदात किती दिवसांपर्यंत, असं काही होतं?"

नव्हतं. मीच टाइप केला होता. आई आतून आली, तिने माझ्या हातातलं पत्र घेऊन उलटसुलट पाहिलं. तिलाही वाचता येत नव्हतं. ती खरोखरच शिकलेली नव्हती. तिने ते बाबांच्या हातात दिलं आणि बाबांनी घडी घालून मला परत दिलं.

जिच्यावरचा राग जात नाही म्हणाले, ती मीच. त्या टायवाल्या पोरावरचा राग वर्षभरात विरला. त्याला पगारच त्या कामाचा मिळत होता. पण चार शब्द मी कुणी न सांगता घातले होते. आमच्या घरात जे एकट्या बाबांनी स्वतःच्या हाताने मिळवलं होतं, ते मी दुपारच्या सुट्टीत काढून घेतलं. त्यांनी ते माझ्यासाठी दिलं हे खरं आहे, आणि मी मागितलं हेही खरं आहे.

पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशीपासून मी अर्धा तास लवकर उठायला लागले. बाबांच्या शेजारी बसून पेपर वाचून दाखवायचे, आधी इंग्रजी, मग मराठी. ते डोळे मिटून ऐकायचे. एखादा शब्द मी चुकीचा उच्चारला तर दुरुस्त करायचे, मग एकदम थांबायचे. दोन वर्षं हे चाललं. मग माझं लग्न बोरिवलीला ठरलं.

लग्नाच्या दिवशी पहाटे घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. हळदीच्या अंगाने मी त्यांना शोधत गॅलरीत गेले. ते खुर्चीवर बसले होते आणि पेपर घडीसकट मांडीवर होता. मी जवळ स्टूल ओढलं.

"आज नुसते मथळे वाच," ते म्हणाले. "तुला उशीर होईल."

आतून मला हाका येत होत्या. मी पहिलं पान उघडलं आणि सगळा पेपर वाचला, जाहिरातींसकट.